ही मदत कोणी लिहिली?

"ही मदत कोणी लिहिलीय हो?" त्या माणसाने हसत हसत विचारलं.

"मी," समिधा म्हणाली.

चौक गावाला, जुन्या हायवेच्या कडेला, प्रवीणचं गॅरेज आहे. गाडीच्या चाकांचं अलाइनमेंट करणारं एक कॉम्प्युटरवालं यंत्र तिथे आहे आणि ऑक्टोबरातल्या त्या सकाळी ते अडून बसलं होतं. पडद्यावर पुन्हा पुन्हा एक लाल चौकट येत होती. ज्याची गाडी रॅम्पवर चढवून ठेवली होती तो माणूस कंटाळून स्वतःच कीबोर्डापाशी गेला आणि त्याने एफ-वन दाबलं. ते दाबलं की मदतीचं पान उघडतं. तसं ते उघडलं. फक्त चाकाचा सेन्सर सापडत नसेल तर काय करावं, याऐवजी प्रिंटरमध्ये कागद कसा भरावा हे त्यात सविस्तर सांगितलं होतं.

"तुम्ही?" तो वळला. उंच, चष्मा, निळ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

"हो. आणि लिहिलंय ते बरोबर आहे. उघडतंय ते चुकीचं."

"म्हणजे पडद्यांचे नंबर सरकलेत." तो सहज बोलून गेला. "प्रोग्रॅमवाल्यांनी नवीन पडदा मध्येच घुसवला, आणि तुम्हाला कळवलं नाही. प्रत्येक पडदा आता शेजाऱ्याच्या घरात जाऊन मदत मागतोय."

समिधाने त्याच्याकडे नीट पाहिलं. अगदी हेच झालं होतं. पण असलं काही होतं, हे गेल्या कित्येक वर्षांत तिला, तिच्या वरिष्ठ सुनिता मॅडमना आणि त्यांच्या कारखान्यातल्या एका वैतागलेल्या प्रोग्रॅमरला सोडून कोणालाही कळलेलं नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी... मदत लिहायचं सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे तुम्ही ज्यात लिहिता ना, ते."

समिधाला हसू आलं. मुलींवर छाप पाडायला लोक पायलट असल्याचं सांगतात, कोणी सिनेमात काम करतो म्हणतं. ही थाप मात्र नवीन होती. इतकी नवीन, की खरी असण्याचीच शक्यता जास्त.

"कुठलं सॉफ्टवेअर?"

"मार्गी. खाली कोपऱ्यात निळा बाण दिसतोय? आमचाच."

तो बाण समिधा रोज बघत होती. तिने शोधायच्या चौकटीत 'सेन्सर' असं टाइप केलं. बरोबर पान उघडलं. पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'घाबरू नका, यंत्र बिघडलेलं नाही.' दुसऱ्या ओळीत, सेन्सरची काच कोरड्या फडक्याने पुसा. प्रवीणने खांद्यावरचा पंचा काढला, काच पुसली आणि लाल चौकट गेली.

"एवढंच व्हतं व्हय?" प्रवीण म्हणाला. "ताई, मी सकाळपासून कंपनीला फोन लावतोय."

"म्हणून तर आले."

समिधा ऐनकर खोपोलीच्या एका कारखान्यात टेक्निकल रायटर होती. गॅरेजना लागणारी यंत्रं तिथे बनत. त्या यंत्रांबरोबर जाणारी पुस्तकं आणि पडद्यावर उघडणारी मदत ती लिहायची. कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या ती तिथे लागली, आणि पहिल्या दिवशी सुनिता मॅडमनी तिच्यासमोर मार्गी उघडून दिली. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरला तिने हात लावला नव्हता. तक्रार आली की स्कूटर काढून ती स्वतः बघायला जायची. हे तिच्या कामात धरलेलं नव्हतं, पण तिला आवडायचं.

निळ्या शर्टवाल्याचं नाव विपुल म्हात्रे. मूळचा पेणचा, राहायला पनवेलला. गाडी डावीकडे ओढत होती म्हणून तो चौकला थांबला होता.

"निघाला होतात कुठे?" तिने विचारलं.

"खोपोलीला. एका कारखान्यात नवी मार्गी दाखवायची आहे." त्याने कारखान्याचं नाव सांगितलं. मग यंत्रावरच्या पाटीवर तेच नाव वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. "अरेच्चा..."

"दुपारी भेटू," समिधा म्हणाली आणि हेल्मेट घातलं. हेल्मेटाच्या आत ती हसत होती, हे त्याला दिसलं नाही.

*

दुपारचं दाखवणं व्यवस्थित पार पडलं. कारखान्याचे मालक हर्षदसर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. विपुलने सांगितलं की जुनी मार्गी आता बंद होणार. ती एकेका कॉम्प्युटरवर बसवावी लागे. नवी ब्राउझरमध्येच उघडते, जुन्या फाइली गिळते, त्यांचे तुकडे करून नीट लावते आणि यंत्राची माहिती दिली की मदतीचा पहिला मसुदा स्वतःच लिहून देते.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. समिधाला एखादं पान लिहायला अख्खा दिवस लागायचा. इथे चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत ते तयार होतं. फार वाईटही नव्हतं, आणि तेच तिला लागलं.

"म्हणजे दोन माणसं लागणार नाहीत," हर्षदसर म्हणाले. तसे ते दुष्ट नव्हते. मनात आलेलं मोठ्याने बोलायची त्यांना सवय होती.

विपुलने माऊसवरचा हात काढला. "ते सगळं काम नव्या मार्गीत आणल्याशिवाय सांगता येणार नाही, सर."

"आणा मग. दिवाळी झाली की सांगा."

समिधाच्या शेजारी सुनिता मॅडम बसल्या होत्या. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, पर्समध्ये कायम आवळासुपारी. त्यांनी डबी पुढे केली. "घे," त्या हळूच म्हणाल्या. "मी हे पूर्वी पाहिलंय."

*

मग विपुल आठवड्यातून काही दिवस खोपोलीला येऊ लागला. लेखकांच्या खोलीत तिसरं टेबल लागलं. खिडकीतून घाट दिसायचा. पावसाळा सरत आला होता, डोंगरावरून उतरणारे पाण्याचे धागे रोज थोडे थोडे बारीक होत चालले होते.

समिधा त्याच्याशी नीट बोलायची, पण नव्या मार्गीशी मात्र तिचं जमेना. जुन्या मार्गीत कुठलं बटण कुठे आहे ते तिच्या बोटांना पाठ होतं. इथे प्रत्येक गोष्ट शोधावी लागायची.

"उजवीकडे वर," विपुल सांगायचा.

"उजवीकडे का? आधी डावीकडे होतं."

"लोकांना उजवीकडे सोपं जातं."

"कुठले लोक? मी पण लोकच आहे."

"तुम्ही... वेगळ्या आहात," तो म्हणाला आणि घाईघाईने पडद्याकडे बघायला लागला. सुनिता मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि सुपारी तोंडात टाकली.

मॅडमचं नवल वाटावं असं होतं. त्या नव्या मार्गीत भराभर शिकत होत्या. चुकल्या की 'हं' म्हणायच्या आणि पुन्हा करायच्या. एकदा कँटीनमध्ये विपुलने त्यांना त्यावरून विचारलंच.

"अरे, मी लागले तेव्हा मदत म्हणजे छापील पुस्तक," मॅडम म्हणाल्या. "टाइप केलेला मजकूर कात्रीने कापायचा, आकृतीच्या बाजूला डिंकाने चिकटवायचा आणि छापखान्यात पाठवायचा. मग कॉम्प्युटरवरची मदत आली. ती वर्डमध्ये लिहायची. एखाद्या शब्दावर टिचकी मारून दुसरं पान उघडायला हवं असेल, तर त्या शब्दाखाली दोन रेघा मारायच्या, आणि त्याला चिकटून त्या पानाचं नाव लपवलेल्या अक्षरांत लिहायचं. पानाखाली टिपा टाकायच्या, कुठे हॅश, कुठे डॉलर. एक चिन्ह राहिलं की ते पान हरवलंच. सगळं झालं की कॉम्प्युटरला जोडायला लावायचं आणि जेवून यायचं. आल्यावर कळायचं, चुकलंय."

"आमच्या साहेबांनी मार्गी त्यासाठीच बनवली," विपुल म्हणाला. "त्या टिपा आपोआप पडाव्यात म्हणून. तेव्हा ते स्वतःच मदत लिहायची कामं घ्यायचे."

"हो ना. काय आनंद झाला होता आम्हाला! मग इंटरनेटसारखी पानं आली, सगळी एका फाइलीत बांधलेली. ती ऑफिसच्या नेटवर्कवरून उघडली की एक दिवस कोरीच दिसायला लागली. सुरक्षेसाठी बंद केली म्हणे. मग सगळं वेबवर न्या. मग एकदाच लिहा आणि पुस्तकात, पडद्यावर, फोनवर सगळीकडे काढा. आणि आता हे तुझं, आपोआप लिहिणारं." त्यांनी ताटातली शेवटची पोळी दुमडली. "दर वेळी कोणीतरी तुझ्यासारखा मुलगा यायचा आणि म्हणायचा, मॅडम, आता तुमचं काम सोपं झालं."

"झालं का?" समिधाने विचारलं.

"काम तेवढंच राहिलं गं. माणसं कमी झाली. आम्ही आधी पाच जण होतो."

विपुल पाण्याचा ग्लास उगाच फिरवत राहिला.

त्या दुपारी समिधा आणि विपुलचं पहिलं खरं भांडण झालं. नव्या मार्गीने तिची पानं गिळली होती आणि सगळ्या पानांतली पहिली ओळ खाऊन टाकली होती. 'घाबरू नका, यंत्र बिघडलेलं नाही.' तिने ती पुन्हा लिहिली. मार्गीने तिच्याखाली करडी रेघ मारली: हे वाक्य अनावश्यक आहे, काढायचं का?

"बरोबर आहे ना पण," विपुल म्हणाला. "त्या वाक्यात माहिती काहीच नाही."

"माहितीसाठी नाहीच ते."

"मग कशासाठी?"

समिधाने खुर्ची वळवली. "तुम्ही त्या दिवशी एफ-वन दाबलंत तेव्हा तुमच्या शेजारी कोण उभं होतं?"

"प्रवीण."

"घामाने डबडबलेला. मागे तीन गाड्या थांबलेल्या, त्यांचे मालक घड्याळ बघतायत. माणूस मदत कधी उघडतो? चार लोकांसमोर अडल्यावर. त्याला आधी धीर लागतो, मग फडकं. तुमच्या मार्गीला हे कसं कळणार? ती कधी कोणासमोर अडलेली नाही."

विपुल तिच्याकडे बघत राहिला. तिच्या कपाळावर केसांची एक बट आली होती आणि रागाने नाकाचा शेंडा लाल झाला होता. त्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा वाक्याच्या कडेला एक छोटं कुलूप दिसत होतं. कुलूप लावलं की मार्गी त्या वाक्याला हात लावत नव्हती, रेघही मारत नव्हती.

"हे कधी आलं?"

"काल." तो चष्मा पुसत होता. "साहेबांना सांगितलं, एका ग्राहकाची मागणी आहे."

"एकाच ग्राहकासाठी एवढं?"

"एकाच," तो म्हणाला. चष्मा कधीचा स्वच्छ झाला होता, तरी तो पुसतच राहिला.

*

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो समिधाच्या गावी, कडावला आला. तिच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर काही आकृत्यांच्या मूळ फाइली होत्या, त्या हव्या होत्या. सोमवारी ऑफिसात मिळाल्या असत्या. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. दोघांनीही तसं म्हटलं नाही.

ऐनकरांचं भात कापून झालं होतं. आडवं पडलेलं पीक शेतात ऊन खात होतं. समिधाचे वडील पोपटराव आणि आई इंदूबाई भारे बांधत होते. समिधा जुना शर्ट चढवून, डोक्याला रुमाल बांधून त्यांच्यातच होती. विपुलने तिला ओळखलं ते हाक मारल्यावर.

माथेरानच्या अंगाला आभाळ काळं झालं आणि वारा एकदम गार सुटला. पोपटरावांनी मान वर केली. "आला गं, आला! उचला बिगीबिगी!"

परतीचा पाऊस कोणाला सांगून येत नाही. कापलेलं भात भिजलं तर दाण्याला कोंब फुटतात, वर्षाची मेहनत चिखलात जाते. कोणी विपुलला काही सांगितलं नाही. त्याने बूट काढून बांधावर ठेवले आणि शेतात उतरला. पहिला भारा त्याने असा उचलला की अर्धा सुटून खाली पडला.

"खालनं धरा, खालनं!" इंदूबाई ओरडल्या.

टपोरे थेंब पडायला लागले. धुळीचा आणि पेंढ्याचा वास एकमेकांत मिसळून वर आला. विपुलचा चष्मा भिजला, त्याला समोरचं धड दिसेना. शेवटचा मोठा भारा एकट्याला पेलणार नव्हता, तेव्हा तो आंधळेपणानेच ओरडला—

"समिधा, तू तिकडून धर!"

तिने धरलं. दोघं पळत पडवीत आले, भारा टाकला आणि धापा टाकत उभे राहिले. मागे पावसाचा पडदा पडला. तू... दोघांनाही तो शब्द ऐकू आला होता. त्याच्या दंडाला भाताच्या पात्यांनी कापून बारीक लाल रेघा उठल्या होत्या. समिधाने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या हातात दिला.

"चष्मा पूस," ती म्हणाली.

म्हणजे तिनेही तू म्हटलं. विपुलने चष्मा पुसला. तिचा चेहरा हळूहळू स्पष्ट होत गेला.

इंदूबाईंनी आलं घालून चहा केला. पोपटराव खांबाला टेकून बसले. "पावनं, तुमी काय काम करता म्हनायचं?"

"काका, ही यंत्रांची पुस्तकं लिहिते ना, ती लिहायचं सॉफ्टवेअर बनवतो. आता ते थोडंफार आपलं आपणच लिहितं."

"आपलं आपन लिवतं?"

"हो."

पोपटरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. त्यांच्या विचारण्यात काहीच आडवं नव्हतं. "मंग आमच्या समीनं काय करायचं?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

पाऊस थांबल्यावर समिधा त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. रस्त्यावर पाणी साचलं होतं. तिच्या हातात त्याचे बूट होते, ते तो बांधावरच विसरला होता.

"समिधा," तो म्हणाला. "हर्षदसरांना मला सांगावं लागेल. एक माणूस पुरेल. मी सगळीकडून हिशेब करून पाहिला... एकच पुरेल."

"हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून साधारण."

"आणि आत्ता सांगतोयस."

"तेव्हा तू... तुम्ही होतीस."

एरवी तिला हसू आलं असतं. तिने बूट खाली ठेवले. "खरं तेच सांग त्यांना. माझ्यासाठी दोन म्हणालास तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. एक म्हणालास तर..."

"तर?"

"ते मला आत्ता माहीत नाही," ती म्हणाली आणि वळून घराकडे चालायला लागली. चिखलात चप्पल अडकली तरी तिने मागे पाहिलं नाही.

*

विपुलने खरं तेच सांगितलं. दिवाळीनंतर हर्षदसरांनी समिधाला बोलावलं. "तू राहा," ते म्हणाले. "मॅडमना मी समजावतो. त्यांची तशीही थोडीच वर्षं राहिलीत."

समिधाने विचार करायला दोन दिवस मागून घेतले. तिने लेखकांच्या खोलीत बसून नुसतं पाहिलं. सुनिता मॅडम नव्या मार्गीत होत्या. मार्गीने लिहिलेला मसुदा त्या वाचायच्या, निम्मा खोडायच्या, उरलेल्याला कुलूप लावायच्या आणि पुढे जायच्या, जणू आयुष्यभर हेच करत आल्यात. समिधाचा हात मात्र अजून डावीकडेच जात होता.

"मॅडम, तुम्हाला राग नाही येत?"

"कशाचा? हत्यार बदलल्याचा?" मॅडम हसल्या. "मला सगळ्यात जड गेलं ते पहिलं सोडताना. कात्री आणि डिंक. रडले होते चक्क. तुझं हे पहिलंच आहे गं, म्हणून दुखतंय."

समिधाने त्यावर रात्र वगैरे जागून काढली नाही. ती नीट झोपली आणि सकाळी हर्षदसरांकडे गेली. "मॅडमना ठेवा, सर. त्या माझ्यापेक्षा चांगलं करतायत. मी जाते."

मॅडम भडकल्या. "उपकार करतेस माझ्यावर?"

"नाही. मी इथे एकाच कारखान्याची यंत्रं आणि एकच सॉफ्टवेअर पाहिलं. तुमच्याएवढी सहा हत्यारं बदलायची तर कुठेतरी सुरुवात करायला हवी ना?"

मॅडमनी पर्स उघडली आणि अख्खी सुपारीची डबी तिच्या हातावर ठेवली.

विपुलला हे कळलं तेव्हा त्याने त्याच दिवशी फोन केला. त्याच्या कंपनीत जागा होती. मार्गीला माणसांसारखं बोलायला शिकवणारं कोणीतरी हवं होतं, आणि त्याच्या मते असं माणूस एकच होतं. पगार चांगला होता, घरून काम करता आलं असतं.

"विचार करून सांगते," समिधा म्हणाली.

मग आठवडा गेला. तिचा फोन आला नाही. तो काही ना काही कारणाने खोपोलीला जात राहिला. तिसऱ्या टेबलाशेजारची खुर्ची आता रिकामी होती. घाटातलं पाणी आटलं होतं. शेवटी मॅडमनीच सांगितलं, "अरे, तिने रसायनीला नोकरी धरली. दुधातली फॅट मोजायची यंत्रं बनवतात ते. तुला बोलली नाही?"

"नाही," विपुल म्हणाला.

तो उठला, गाडीत बसला. पनवेलचा रस्ता डावीकडे होता. दुसरीकडे पळसदरीवरून कर्जत, आणि पुढे कडाव. तो थोडा वेळ गाडी चालू ठेवून नुसता बसून राहिला. मग कडावकडे वळला.

*

समिधा घरी नव्हती. इंदूबाईंनी सांगितलं, दूध केंद्रावर गेलीय. "आता हितं बी मशीन बघत उभी ऱ्हाते. दूध घालून लोकं घरी येत्यात, ही येत नाय."

केंद्रावर संध्याकाळची रांग होती. किटल्या, कॅन, बायकांच्या गप्पा. टेबलावर फॅट मोजायचं यंत्र होतं, आणि त्याच्या बाजूला हातात घरची किटली घेऊन समिधा उभी होती. आकडा बघून लोकांचे चेहरे कसे बदलतात, ते ती बघत होती. नव्या कामाची तयारी तिने अशी सुरू केली होती.

विपुल रांगेच्या कडेने पुढे आला. "तू सांगितलं नाहीस."

तिने दचकून वर पाहिलं. रांगेतली कुजबूज थांबली.

"सांगणार होते."

"आमच्याकडे नको होतं तर नुसतं नाही म्हणायचंस. मला वाईट... म्हणजे वाईट वाटलंच असतं. पण कळलं तरी असतं."

"काय कळलं असतं?"

"की मी नकोय."

समिधाने किटली खाली ठेवली. "नोकरीच नको होती रे. ती घेतली असती तर तू माझा साहेब झाला असतास. रोज ऑफिसात तुझ्याशी भांडायचं, आणि मग घरी येऊन पुन्हा तुझ्याशीच? एक जागा मोकळी नको का भांडायला?"

विपुल थबकला. "घरी?"

समिधाच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. नाकाचा शेंडा लाल झाला. "म्हणजे... बाकीचं तू कुठे विचारलंयस?"

"विचारू?"

"इथे?"

रांगेत सगळ्यात पुढे ठकी होती, शेजारच्या आळीतली, दोन म्हशींची मालकीण. तिने कॅन टेबलावर आपटला. "अवं पावनं, इचारा की आता! दूध नासंल आमचं."

सगळी रांग हसली. विपुलही हसला, मग गंभीर झाला. आयुष्यात त्याने हजारो लोकांसमोर मार्गी दाखवली होती, पण इथे त्याला पहिलं वाक्यच सापडेना.

"समिधा... मला तुझ्याबरोबर राहायचंय. म्हणजे लग्न करून. तू मला रोज चुका दाखवाव्यास असं वाटतं. मी हे जरा बरं बोलणार होतो, गाडीत दोन-तीनदा बोलून पण पाहिलं होतं—"

"चालेल," समिधा म्हणाली.

"चालेल म्हणजे हो?"

"हो."

केंद्रवाल्याने पुढचं नाव पुकारलं. ठकीने आपलं दूध मापून घेतलं, आकडा न बघताच कॅन उचलला आणि लगबगीने निघून गेली. एरवी ती फॅटवरून अर्धा तास वाद घालायची.

समिधाने आपलं दूध घातलं. दोघं रिकामी किटली मधे धरून चालत निघाले. कडेच्या शेतांत कापलेल्या भाताचे खुंट उभे होते, त्यांत बगळे उतरले होते. एकदा त्याचा हात किटलीच्या कडीवरून सरकला आणि तिच्या बोटांवर टेकला. तो तिथेच राहिला.

घराजवळ आले तेव्हा अंगणात ठकी उभी होती आणि त्यांना पाहून पदर तोंडाला लावून मागच्या दाराने सटकली. पोपटराव पडवीत बसले होते, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने विडी शोधत. इंदूबाई उंबऱ्यात आल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

"या," त्या म्हणाल्या. "ठकीनं सांगितलंय मला समदं. पर ती काय बी लावून सांगती. तू सांग गं समे. तुझ्या तोंडनं ऐकू दे मला."

समिधाने विपुलकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई..." ती म्हणाली, आणि पुढे बोलायच्या ऐवजी हसायलाच लागली.